खडकवासल्याचं पाणी, सिंहगडाचं पिठलं

पावसाची पहिली दणदणीत सर पडली की सिंहगड रस्त्याला दुचाक्यांची रांग लागते. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसांच्या शेगड्या पेटतात आणि रविवारी संध्याकाळी परतीच्या वाटेवर चांगलाच खोळंबा होतो. एवढी माणसं येतात, पण हा सगळा मुलूख एका दिवसात, सावकाश, खालून वर असा पाहणारे थोडे. धरणाखालच्या पुलापासून सुरुवात करावी, गडावर जेवावं, गडावरून तेच धरण पुन्हा बघावं आणि उन्हं कलताना पाण्याकाठी यावं. पुण्याला पाहुणे आले की लोक त्यांना शनिवारवाडा आणि तुळशीबाग दाखवतात. मला विचाराल तर त्यांना आधी इथं आणावं. पुणं आज जसं आहे तसं ते इथल्या भिंतीमुळे आहे.

यंदा गणपती उठल्यावर, आठवड्याचा मधला वार बघून, मी आणि माझी आत्या निघालो. आत्याचं लहानपण नारायण पेठेत, नदीकाठच्या वाड्यात गेलं. पानशेतच्या पुरात तो वाडा गेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. "धरण बघायचंय, पण नीट. गाडीच्या काचेतून नाही," असं तीच म्हणाली.

स्वारगेटहून पीएमपी मिळाली आणि सकाळची वेळ असल्यानं खिडकीही मिळाली. दांडेकर पूल ओलांडला की मुठेचा उजवा कालवा जवळून जातो. २०१८ च्या सप्टेंबरात तो इथंच फुटला होता आणि वस्तीतल्या घरांत पाणी शिरलं होतं. पुढं राजाराम पूल, विठ्ठलवाडी, वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा अशी गावांची नावं घेत बस चालते. ही गावं आता शहरात इतकी मिसळली आहेत की त्यांचं गावपण फक्त थांब्यांच्या नावात उरलंय. खडकवासलाही २०२१ पासून पुणे महापालिकेत आहे. पण बसमधून उतरलं की हवा बदललेली जाणवते. पाण्यावरून येणारा ओलसर गार वारा तोंडावर येतो.

आधी पोटोबा. थांब्याजवळच्या एका साध्या हॉटेलात मिसळ खाल्ली. तळाला थोडे पोहे, त्यावर बटाट्याची भाजी, मटकी, फरसाण, वरून कांदा-कोथिंबीर आणि सोबत स्लाइस ब्रेड, अशी अस्सल पुणेरी बांधणी. रस्सा लालभडक असला तरी जिभेला भाजणारा नव्हता. गोडा मसाला आणि ओलं खोबरं त्यात कळत होतं. आत्यानं वाटी पुढं सरकवून "सॅम्पल आणा" म्हटलं. वाढणाऱ्या मुलानं "आजी, अजून फरसाण टाकू?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टाकलंही.

धरण बघायचं तर वरच्या रस्त्यावरून नव्हे, खालच्या पुलावरून. गाव सोडून एनडीएच्या बाजूला जाताना मुठेवर पूल लागतो. त्याच्या कठड्याशी उभं राहिलं की समोर सुमारे दीड किलोमीटर लांबीची दगडी भिंत आडवी पसरलेली दिसते. काळा दगड, शेवाळाचे हिरवे पट्टे आणि दारांमधून घसरणारं पांढरं पाणी. आम्ही गेलो त्या दिवशी विसर्ग थोडाच होता. तरी पुलावर बोलताना आवाज चढवावा लागत होता आणि चष्म्यावर तुषार जमत होते.

ही भिंत १८७० च्या दशकात उभी राहिली. आखणी कॅप्टन फाइफ या लष्करी इंजिनिअरची होती, म्हणून जुन्या कागदांत या जलाशयाचं नाव 'लेक फाइफ' असं आहे. त्याआधी पुण्याचं पाणी म्हणजे नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजहून आणलेला नळ, वाड्यावाड्यांतले हौद आणि आड. खडकवासल्यानं शहराला आणि लष्कराच्या छावणीला बारमाही पाणी दिलं आणि कालव्याखालची शेतीही भिजवली. पुढं पाणी कमी पडू लागलं तेव्हा भिंत न वाढवता साठा वाढवायची युक्ती काढली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी. ते तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत, पुण्यात होते. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उघडणारी आणि उतरलं की आपोआप मिटणारी दारं त्यांनी रचली आणि १९०३ साली ती या धरणावर बसली. तीच रीत पुढं ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर गेली. विश्वेश्वरय्यांचं नाव निघालं की आपल्याला म्हैसूर आठवतं. त्यांच्या या कामाची सुरुवात मात्र खडकवासल्याला झाली, हे पुण्याच्या शाळांतून सांगायला हवं.

आत्याला या दारांपेक्षा भिंतीतच जास्त रस होता. "कुठं फुटली होती ग?" तिनं विचारलं. मला नेमकी जागा दाखवता आली नाही. नंतर दुरुस्त झालेली भिंत इतकी एकसंध दिसते की परक्या डोळ्याला खूण सापडत नाही.

१२ जुलै १९६१. वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधलं जात होतं. काम पुरतं व्हायच्या आधीच त्यात पावसाचं पाणी भरलं आणि भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवला. सकाळी पानशेत गेलं. त्याच्या लोंढ्यापुढं खडकवासल्याची भिंतही टिकली नाही आणि दोन्ही धरणांचं पाणी पुण्यात आलं. जवानांनी रात्र काढली नसती तर हे सगळं अंधारात, झोपलेल्या शहरावर आलं असतं. दिवसाढवळ्या लोकांना पळता आलं. त्या जवानांचे पुण्यावर फार मोठे उपकार आहेत आणि ते आपण पुरेसे आठवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुलावर उभं राहून आत्या बोलत होती. रस्त्यानं कुणीतरी सायकलवरून "पानशेत फुटलं" असं ओरडत गेलं. आजोबांनी पणजीला पाठीवर घेतलं. सगळे सदाशिव पेठेतल्या नातेवाइकांच्या माडीवर गेले. पाणी ओसरल्यावर परत आले तर वाड्याच्या जागी कंबरभर गाळ. स्वयंपाकघर होतं तिथं आजीला पाटा सापडला, वरवंटा नाही. धरणच फुटल्यानं शहराचं पाणीही तुटलं होतं. ज्या आडांवर लोकांनी झाकणं टाकली होती ते पुन्हा उघडले आणि आडावर घागरींची रांग लागली. "पुराच्या दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी नाही, हे त्या वयात मला समजतच नव्हतं," आत्या म्हणाली. पुढं गोखलेनगरसारख्या वसाहती आणि सहकारनगरच्या पूरग्रस्त सोसायट्या उभ्या राहिल्या. आजचं पेठांबाहेरचं पुणं बरंचसं त्या एका दिवसानं घडवलं आहे.

याच्या चार वर्षं आधी, १९५७ च्या ऑक्टोबरात, स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात तुरिया नदीचा असाच भयंकर पूर शिरला होता. त्या शहरानं पुढं नदीच शहराबाहेरून वळवली आणि जुन्या कोरड्या पात्रात मैलोन्‌मैल बाग केली. आपण मुठा जिथं होती तिथंच ठेवली आणि तिच्या पात्रातून रस्ता काढला. म्हणून दर पावसाळ्यात खडकवासल्याचा विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी येते. २५ जुलै २०२४ ला विसर्ग पस्तीस हजार क्युसेकवर गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. नदी वळवावी असं मी म्हणणार नाही. पण पूररेषेच्या आत घरं बांधू देणं थांबवायला नदी वळवावी लागत नाही.

पुलावरून परत येताना दोन संस्थांच्या हद्दी लागतात. एक केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, १९१६ साली मुंबई इलाख्यानं सुरू केलेलं. बंदरं, नद्या, धरणं यांच्या लहान प्रतिकृती मोकळ्या मैदानात बांधून त्यांत पाणी सोडून इथं अभ्यास होतो. दुसरी अर्थातच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. १९४९ साली पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसवली आणि १९५५ च्या जानेवारीपासून ती खडकवासल्यात नांदते आहे. तिच्या मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ त्या देशानं दिलेल्या निधीतून ती बांधली. २०२२ साली मुलींची पहिली तुकडी इथं दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात ती संचलन करून बाहेर पडली. ती बातमी आत्यानं कात्रण करून ठेवली आहे.

गडाकडे जायला शेअर जीप मिळाली. डोणज्यापुढं रस्ता चढू लागतो. आत्याचे गुडघे नसते तर आतकरवाडीची पायवाट धरली असती. भाद्रपदात त्या वाटेवर सोनकीची पिवळी आणि तेरड्याची गुलाबी फुलं दोन्ही बाजूंनी असतात. घाटातही ती होतीच. ड्रायव्हरदादांनी एका वळणावर गाडी थांबवून आत्याला ती बघू दिली. मागं बसलेल्या माणसानंही कुरकुर केली नाही.

गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून उंच आहे. गाडीतळापासून पुणे दरवाजे, एकामागून एक तीन. आत्या एका हातानं काठी आणि एका हातानं माझा खांदा धरून चढली. दारूकोठार आणि खडकात कोरलेली घोड्याची पागा बघितली. लोकमान्यांच्या बंगल्यापाशी थोडं थांबलो. १९१५ साली टिळक आणि गांधीजींची भेट इथं झाली होती.

पण बारा वाजून गेले होते आणि चुलीचा धूर येत होता. सिंहगडावर जेवण म्हणजे जेवण, तिथं नाश्त्याची भाषा चालत नाही. आम्ही बसलो त्या झोपडीत जमीन शेणानं सारवलेली होती आणि बसायला सतरंजी. चुलीसमोर बसलेल्या बाईंनी विचारलं, "ताई, जवारीची का तांदळाची?" आम्ही दोन्ही सांगितल्या. त्यांनी काठवटीत पीठ मळलं, दोन्ही तळव्यांत गोळा फिरवला आणि थापायला घेतली. भाकरी त्यांच्या हाताखाली गोल गोल फिरत होती आणि कडा कुठंही चिरत नव्हती. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूनं ओल्या बोटांनी पाणी फिरवलं, उलटली, मग तवा बाजूला सारून भाकरी निखाऱ्यांसमोर उभी केली. ती टम्म फुगली तशी त्यांनी चिमटा न वापरता हातानंच उचलून आत्याच्या ताटात ठेवली.

पिठलं घट्ट होतं, पळी उभी राहील असं. फोडणीत ठेचलेला लसूण भरपूर आणि हिरवी मिरची जवळजवळ करपवलेली, त्यामुळे त्याला धुराचा वास लागला होता. शेजारी वांग्याचं भरीत, मिरचीचा खरडा, बुक्कीनं फोडलेला कांदा. आधी गरम कांदाभजी आली होती आणि तीही आम्ही संपवली होती. इथली भजी खेकड्यासारखी वेडीवाकडी, कुरकुरीत. कांदा आधी मीठ लावून ठेवतात, पाणी वेगळं घालत नाहीत, म्हणून ती तेल पीत नाही. शहरातल्या हॉटेलांत पिठल्याला ताटाचं कोंदण आणि पितळी वाट्या देऊन त्याची किंमत चौपट करतात. चव मात्र इथंच आहे. त्याला कारण चूल आणि बाईंचा हात. ताजं पीठही त्यातच आलं.

जेवताना आत्यानं बाईंना गाव विचारलं. माहेर पानशेतकडचं, सासर गडाच्या पायथ्याचं. "आमच्या मावशीचं गाव पाण्यात गेलं, आज्जी. धरण झालं तवा. त्यांना तिकडं दौंडाला जमिनी दिल्या. ती तिकडंच गेली सगळी." आत्या क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आमचं घरपण पानशेतनंच नेलं." बाईंनी तिच्याकडं बघितलं आणि न विचारता आणखी अर्धी भाकरी वाढली.

मी ताटावर बसून नकाशा जुळवत होते. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून एकोणतीस टीएमसीच्या आसपास साठा. त्यात एकट्या खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीहूनही कमी. म्हणजे आपण ज्या जलाशयाकाठी कणीस खातो ती फक्त शेवटची पायरी. खरं पाणी वर, डोंगरात, बुडालेल्या गावांवर साठलेलं आहे. ते खडकवासल्याला उतरतं. तिथून एक वाट बंद जलवाहिनीतून पर्वतीला, म्हणजे आमच्या नळाला. दुसरी कालव्यानं हडपसरवरून दौंड-इंदापूरला. ज्यांची गावं या पाण्याखाली गेली त्यांतल्या अनेकांची नवी शेती याच पाण्याच्या कालव्यावर आहे. उन्हाळ्यात शहर आणि शेती यांच्यात पाण्याच्या आवर्तनावरून ओढाताण होते. तेव्हा आम्ही शहरी माणसं आपल्या वाट्याचं पाणी म्हणून तावातावानं बोलतो. या बाईंच्या मावशीला तिचा वाटा कुणी विचारला होता?

जेवल्यावर मडक्यातलं दही. तळहाताएवढी मातीची मडकी, वर पिवळसर साय. गडाच्या वाटेवर टोपलीत मडकी मांडून एक आजी बसल्या होत्या. "घ्या की, म्हशीचं हाय. रातीच्याला लावलंय." मातीनं पाणी शोषून घेतल्यामुळे दही इतकं घट्ट होतं की मडकं उलटं धरलं तरी हललं नसतं. आत्यानं साखर घेतली, मी मीठ. मला वाटतं मीठच बरोबर आहे, पण हा वाद आमच्या घरात पिढीजात आहे.

मग देवटाक्यापाशी गेलो. गडावरची सगळी वस्ती अशा टाक्यांच्या पाण्यावर जगली. खडक खोदून दगड काढायचा, त्याचीच तटबंदी बांधायची आणि खड्ड्यात पावसाचं पाणी धरायचं. एका खोदकामात दोन कामं. देवटाक्याचं पाणी गार आणि गोड. गांधीजी पुण्यात असले की हे पाणी मुद्दाम मागवत, असं सांगतात. चौदाव्या शतकात नागनाक कोळ्यानं महंमद तुघलकाच्या फौजेला महिनोन्‌महिने दाद दिली नाही, ती या टाक्यांच्या जोरावरच. १६७० च्या माघ वद्य नवमीच्या रात्री, ४ फेब्रुवारीला, तानाजी मालुसरे कडा चढून आले आणि गड घेताना पडले. त्यांच्या समाधीपाशी आत्यानं चप्पल काढून नमस्कार केला. छत्रपती राजाराम महाराजांनीही १७०० सालच्या मार्चमध्ये याच गडावर देह ठेवला. त्यांच्या समाधीकडं वळणारे लोक मला फार थोडे दिसले. जिंजीहून परतून, औरंगजेबाशी झुंजत राज्य राखलेल्या राजाची ही समाधी आहे. तिथं गर्दी असायला हवी.

दुपारी ढग फाटले. कल्याण दरवाजाच्या बाजूनं राजगड आणि तोरणा स्वच्छ दिसले. उलट्या बाजूला आलो तर खाली खडकवासल्याचा जलाशय, त्याच्या काठानं गेलेला रस्ता, पलीकडं प्रबोधिनीचा घुमट आणि त्या सगळ्यापुढं धुरकट पुणं. सकाळी पुलावरून जी भिंत मान वर करून बघितली होती ती इथून एक बारीक रेघ होती आणि तिच्या अलीकडं पाणी, पलीकडं शहर. आत्या बराच वेळ बघत राहिली. "एवढ्याशा रेघेवर आपण झोपतो होय," ती म्हणाली.

उतरून चौपाटीवर आलो तेव्हा साडेपाच झाले होते. आठवड्याचा मधला वार असल्यानं बसायला दगडी कठडा मिळाला. कणीस भाजणाऱ्या मावशींनी निवडून कोवळं घेतलं, सोलून निखाऱ्यावर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं पंखा हलवत राहिल्या. दाणे तडतडले की त्यांनी अर्धं लिंबू मीठ-तिखटात बुडवून कणसावर वरून खाली असं दाबून फिरवलं. त्यामुळे रस फटीफटीत उतरतो. त्यांच्या गाडीला कचऱ्याचं पोतं बांधलेलं होतं आणि गिऱ्हाइकानं पाचोळा पाण्याकडं टाकला की त्या ओरडत. "ह्येच पानी पिता ना तुमी?" एका मुलाला त्या म्हणाल्या आणि तो निमूट उचलायला गेला. मी त्यांच्याकडूनच दुसरंही कणीस घेतलं. काठावर प्लास्टिकचे पेले आणि चिप्सच्या पिशव्या बऱ्याच होत्या. शनिवार-रविवारी काय होत असेल ते त्यावरून कळलं.

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी बसली होती. नांदेड फाट्याशी ती म्हणाली, "पानशेतला कधी जायचं?" दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, असं ठरलं. एसटी सकाळी स्वारगेटहून सुटते, वेळ विचारून ठेवायची आहे. त्या बाईंनी त्यांच्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलंय. तिथं आत्याला त्यांच्या भावाकडं चहाला जायचंय.